मंगळवारी पाहिलेला किनारा

न्सुआनोच्या किनाऱ्यावर क्वान्सिमाच्या सहा भट्ट्या आहेत. मातीच्या, कमरेएवढ्या उंच. खाली विस्तव मंद ठेवायचा, वर मासळीच्या जाळ्या एकावर एक रचायच्या आणि दिवसभर वरची खाली, खालची वर करत धूर द्यायचा. या कामाने पाठ मोडते आणि डोळे बारा महिने लाल राहतात. नवखा माणूस हमखास विचारतो, "मामे, रडताय का?" त्यावर तिचं उत्तर ठरलेलं आहे, "वेळ मिळाला की रडेन. आता ती जाळी धर."

एकोणिसाव्या वर्षी ती लग्न होऊन इथे आली. माहेर पूर्वेला, अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. पहिल्याच आठवड्यात सासूने तिला भट्टीपुढे बसवलं आणि म्हणाली, "नवरा समुद्राचा. भट्टी तेवढी तुझी." सासू तोंडाने तिखट होती, पण शिकवताना तिने हातचं काही राखून ठेवलं नाही. कुठलं लाकूड मासळीला सोनेरी रंग देतं, तारली नेमकी केव्हा उलटायची, पाऊस येणार असेल तर विस्तव कसा झाकायचा, सगळं दिलं. क्वान्सिमा अजूनही भट्टी पेटवताना मनातल्या मनात तिचं नाव घेते. या धुरावर चार मुलं वाढली. दोघं शिक्षक झाले, एक तेमाच्या बंदरात आहे, मुलगी नर्स आहे. मागे वळून पाहिलं की तिला आयुष्याबद्दल तक्रार सापडत नाही. शोधली तर सापडेलही, पण ती शोधायला बसत नाही.

नवरा क्वामेना अकरा वर्षांपूर्वी गेला. फांते लोकांत माणसामागे त्याच्या कुळाची जमीन बायकोकडे जात नाही, बहिणीच्या मुलाकडे जाते. तशी ती फिफीकडे गेली, आणि भट्ट्यांखालची जागाही तिच्यातच आली. फिफी तसा वाईट माणूस नाही. दर ईस्टरला घरी येऊन तो सांगायचा, "राहा हो मामे निवांत, तुम्हाला कोण उठवतंय?" ज्याला खरोखरच कोणी उठवणार नसतं, त्याला हे दर वर्षी सांगावं लागत नाही, एवढं क्वान्सिमाला कळत होतं. ती फक्त "देव तुझं भलं करो" म्हणायची आणि त्याच्या हातात मासळीची मोठी पुडी द्यायची.

मग एके दिवशी किनाऱ्याकडे उतरणाऱ्या बोळाच्या तोंडाशी नारळाच्या झाडाला एक पाटी ठोकलेली दिसली. गावात वाचायची हौस एकट्या एग्या बेंत्सिलला. जाळी विणून विणून बोटं वाकडी झालेला हा म्हातारा क्वान्सिमाचा शेजारी, मक्याच्या पिठाची केंकी ज्या कागदात बांधून येते तो कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकत नाही. त्याने पाटी दोनदा वाचली आणि चष्मा पुसला.

"हॉटेल येतंय," तो म्हणाला. "तीन मजली, चाळीस खोल्या, भोवती भिंत. कुणाची हरकत असेल तर एकवीस दिवसांत सांगा म्हणतात."

"येऊ दे की. कुठे येतंय?"

"तू उभी आहेस तिथे."

दुसऱ्या दिवशी दोघं वडापच्या गाडीतून जिल्ह्याच्या ठिकाणी गेली. नियोजन कचेरीत मागणाऱ्याला नकाशा आणि पाहणीचा अहवाल दाखवतात. बेंत्सिल वाचत होता आणि क्वान्सिमा त्याच्या तोंडाकडे बघत होती. समोरचा किनारा मोकळा आहे, असं त्यात होतं. वाळूवर काही होड्या ओढून ठेवलेल्या आहेत, हालचाल दिसली नाही. बोळातून ये-जा नाही. जागेच्या कडेला मातीची सहा पडकी बांधकामं आहेत, ती वापरात नाहीत.

"काय म्हणालास? पडकी?"

"इथे तसंच लिहिलंय."

"माझ्या भट्ट्या पडक्या? परवा तर त्यांना माती लिंपली मी."

"तुझ्या म्हणून नाही लिहिलं. तुझं नावच नाही कुठे."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. परतीच्या वाटेवर बेंत्सिलने निदान केलं की पाहणी करणाऱ्याने पैसे खाल्ले, आणि क्वान्सिमाला ते तत्काळ पटलं. डोळे असलेला माणूस चाळीस होड्यांचा किनारा मोकळा म्हणूच कसा शकतो? गावात आल्यावर तिने ही गोष्ट विहिरीवर सांगितली, गिरणीवर सांगितली, रविवारी चर्चच्या पायरीवर सांगितली. आठवड्याभरात न्सुआनोतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक झालं की कुणी त्वुमासी नावाचा मोजणीवाला विकला गेला आहे. हे पेरणारी क्वान्सिमाच होती, आणि तिच्याबद्दल सांगायचं तर तेही सांगायलाच हवं.

सुनावणी शाळेच्या मोठ्या खोलीत ठेवली होती. सुरुवात प्रार्थनेने झाली, कारण इथे प्रार्थनेवाचून काही सुरू होत नाही. ती लांबली, कारण पाद्रीबुवांचाही हॉटेलला विरोध होता आणि ही बातमी त्यांनी देवालाही सविस्तर दिली. कचेरीतर्फे लॅम्प्टी मॅडम आल्या होत्या. बाई राजधानी अक्राच्या बाजूच्या, चाळिशीच्या, बुटक्या. फांते मोडकीतोडकी बोलायच्या, पण समोरचा बोलत असला की लिहिणं थांबवून त्याच्याकडे बघायच्या.

हॉटेलवाल्यांच्या माणसाने चित्रं दाखवली. नारळ, पोहण्याचा तलाव, पांढऱ्या छत्र्या. चित्रं सुंदर होती हे क्वान्सिमालाही कबूल करावं लागलं. मग ती उठली.

"हॉटेल बांधू नका असं मी म्हणत नाही. आमच्या पोरींना काम मिळेल. पण भिंत घातलीत तर होड्या कुठे लागणार? बोळ बंद केलात तर मासळी डोक्यावरून वर कशी जाणार? आणि माझ्या भट्ट्या..."

"मामे," फिफी मागून उठला. हॉटेलला जमीन दिली होती त्यानेच, आणि आज पांढराशुभ्र अंगरखा घालून आला होता. "सगळ्यांदेखत बोलायला लावू नका. जमीन आमच्या कुळाची आहे. तुम्ही सून. आम्ही राहू दिलं म्हणून राहिलात."

खरं होतं ते, म्हणून तर जास्त लागलं. क्वान्सिमाला खाली बसावंसं वाटलं. पण लॅम्प्टी मॅडमनी फिफीकडे बघून शांतपणे विचारलं, "जमीन कुणाची हे मी विचारलंय का?"

"नाही, पण..."

"ते ठरवायला दुसरी कचेरी आहे. मी इथे कोण काम करतं ते विचारतेय. मामे, तुम्ही किती वर्षं काम करता तिथे?"

"एकेचाळीस."

मॅडमनी ते लिहिलं. आपल्या वर्षांची संख्या कागदावर उमटताना क्वान्सिमाने आयुष्यात पहिल्यांदा पाहिली, आणि त्या बाईबद्दल तिला एकदम माया वाटली.

मग मोजणीवाल्याला पुढे बोलावलं. त्वुमासी हा कुमासीकडचा तिशीतला माणूस, सडपातळ, शर्टाचं वरचं बटण लावलेला. तो उठताच मागून आवाज सुरू झाले. "किती मिळाले रे?" "चष्मा घेऊन दे त्याला." "अरे, तो बघायला नाही, घ्यायला आला होता." क्वान्सिमाने पेरलेलं पीक आता कमरेपर्यंत आलं होतं.

"मला कुणी काही दिलं नाही," तो म्हणाला. वहीचं पान उलटून त्याने तारखा शोधल्या. "मी दोनदा आलो. पाच तारखेला आणि बारा तारखेला. जे दिसलं ते लिहिलं."

एग्या बेंत्सिलने बोटांवर दिवस मोजले. "दोन्ही मंगळवार," तो म्हणाला, आणि सगळी खोली हसली.

मंगळवारी न्सुआनोची एकही होडी पाण्यात जात नाही. तो दिवस समुद्राच्या विश्रांतीचा. पुरुष वर मुख्य कोळ्याच्या अंगणात झाडाखाली जाळी दुरुस्त करतात आणि आठवड्याची भांडणं मिटवतात. बायका टोपल्या घेऊन आतल्या गावांत विकायला जातात. भट्ट्या गार असतात, त्यांच्यावर पत्रे टाकलेले असतात. किनाऱ्यावर चिटपाखरू नसतं. मंगळवारी न्सुआनो बघणं म्हणजे रविवारी शाळा बघून इथे मुलं नाहीत असं लिहिण्यासारखं.

"मंगळवारी कोण येतं रे किनारा बघायला?" कुणीतरी ओरडलं. "मुद्दाम आला. हॉटेलवाल्यांनीच दिवस नेमून दिला."

"नाही. आधी मी एका शुक्रवारी आलो होतो. तेव्हा मला सांगितलं की मंगळवारी ये."

"कुणी सांगितलं? नाव सांग."

त्वुमासीने मान वर केली. त्याची नजर बाकांवरून फिरत फिरत क्वान्सिमापाशी आली आणि थांबली. थांबली आणि पुढे गेली.

"आठवत नाही," तो म्हणाला.

क्वान्सिमाचं लक्ष त्याच्या खुर्चीकडे गेलं. खुर्चीला टेकवून पिवळ्या रंगाची तीन पायांची घोडी ठेवली होती, मोजणीची दुर्बीण ज्यावर बसवतात ती. माणसाचं तोंड तिने त्या दिवशी धड पाहिलंही नव्हतं. पण ही घोडी तिच्या चांगली ओळखीची होती. तारली उतरायचा शुक्रवार, डोक्यावर भरलेलं घमेलं, मागे सतरा बायकांची रांग, आणि बोळाच्या बरोबर मधोमध पिवळे तीन पाय फाकून ही घोडी उभी. "बाजूला घे ते लचांड," ती म्हणाली होती. त्याने अदबीने काहीतरी विचारलं होतं, आणि तिने चालता चालता उत्तर दिलं होतं, "आज इथे कुणाला तुझ्याशी बोलायला वेळ नाही बाबा. मंगळवारी ये. मंगळवारी इथे शांत असतं."

चांगल्या मनाने सांगितलं होतं तिने. पाहुण्याला मंगळवारीच बोलवतात इथे. लग्नाची बोलणी मंगळवारी, उसनवारी मंगळवारी, डॉक्टर गावात येणार असला तरी मंगळवारी. किनारा बघायला आलेल्या माणसाला किनाऱ्याच्या सुट्टीचा दिवस दिला, हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. आणि त्या माणसाने तिला ओळखलं होतं. शंभर माणसं त्याच्या अंगावर धावून जात असताना नुसतं बोट दाखवलं असतं तर सुटला असता. त्याने दाखवलं नाही.

ती उठू लागली तशी बेंत्सिलने तिचा पदर धरला. क्षणात सगळं त्याच्या ध्यानात आलं होतं. "खाली बस," तो कुजबुजला. "तो लबाड ठरला तर अहवाल कचऱ्यात जातो. तू बोललीस तर तो खरा ठरतो आणि अहवालही. भट्ट्या जातील, क्वान्सिमा."

"जाऊ देत," ती म्हणाली. म्हणाली खरी, पण जाव्यात असं तिला अजिबात वाटत नव्हतं.

"मॅडम, मी सांगितलं त्याला," ती उभी राहून म्हणाली. "मंगळवारी ये असं मी सांगितलं. हा पोरगा मोठ्या बाईचं ऐकून आला. तो पैसे खाऊन बसलाय असं गावभर मीच सांगत सुटले होते. त्याने काही खाल्लेलं नाही. चूक माझी."

मागून एक बाई फणकारली, "मग काल विहिरीवर शपथ कशाला घेत होतीस गं?" फिफी हसला. बेंत्सिलने कपाळाला हात लावला. क्वान्सिमा उभीच राहिली.

लॅम्प्टी मॅडमनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे पाहणी प्रामाणिक आहे, पण सुट्टीच्या दिवसाची आहे," त्या म्हणाल्या. "कुणी लबाडी केली असती तर मला चौकशी लावावी लागली असती, वर्ष गेलं असतं, आणि तोवर बांधकाम वर आलं असतं. दिवस चुकला असेल तर पाहणी पुन्हा करायची, एवढंच. येत्या शुक्रवारी मी स्वतः येते. निकाल लागेपर्यंत मोजणीवाल्याशी कुणी बोलायचं नाही, कुणी कुणाच्या घरी जायचं नाही, कुणी कुणाला काही द्यायचं नाही. मामे, शुक्रवारी किती वाजता यायचं?"

"उजाडायच्या आत," क्वान्सिमा म्हणाली. "आणि जुन्या चपला घालून."

शुक्रवारी समुद्र न्सुआनोच्या बाजूने होता. समुद्राचे उपकार मोजायचे म्हटले तर त्या सकाळचा उपकार पहिला. अडतीस होड्या लागल्या, एकीत तर तारली काठाच्या वर आली होती. हॉटेलवाल्यांच्या माणसाने बूट वाचवायचा प्रयत्न केला आणि थोड्या वेळाने सोडून दिला. रापणीचं मोठं जाळं वाळूवर ओढायला माणसं कमी पडली तेव्हा कुणीतरी न विचारता लॅम्प्टी मॅडमच्या हातात दोर दिला. मॅडमनीही न विचारता ओढला. त्वुमासीने या वेळी घोडी बोळाच्या कडेला, भिंतीला चिकटून लावली आणि दहा वाजेपर्यंत वर गेलेली घमेली मोजली. चारशे बारा. क्वान्सिमा जवळून गेली तेव्हा त्याने नुसती मान लववली. बोलायची मनाई होती.

तीन आठवड्यांनी निकाल आला. त्याच खोलीत मॅडमनी तो आधी इंग्रजीत वाचला, मग मोडक्यातोडक्या फांतेत. हॉटेलला परवानगी. पण इमारत चाळीस पावलं मागे. समुद्राच्या बाजूला भिंत नाही. होड्यांचा किनारा आणि बोळ कायमचे खुले. भट्ट्या जागेवर राहतील, फक्त वाऱ्याच्या तोंडाशी असलेल्या दोन भट्ट्या हॉटेलवाल्यांनी पलीकडच्या कडेला बांधून द्यायच्या, धुराला वर नेणाऱ्या नळासकट. "मासळीच्या सहा चालू भट्ट्या," मॅडमनी नव्या अहवालातलं वाक्य वाचलं. "एकेचाळीस वर्षं चालवणाऱ्या, मामे क्वान्सिमा."

हॉटेलवाला माणूस तोंड पाडून निघून गेला. फिफी तिच्याशी आजही धड बोलत नाही, आणि त्याचं तिला वाईट वाटतं. बेंत्सिल मात्र गावभर सांगतो की तिला उठून बोलायला त्यानेच लावलं. ती त्याला खोटं पाडत नाही. निकालाच्या दिवशी तर तिला कुणालाच खोटं पाडावंसं वाटत नव्हतं. घरी येऊन ती भट्टीच्या उबेला टेकून बसली आणि देवाचे, सासूचे, समुद्राचे, लॅम्प्टी मॅडमचे, ज्याचं ज्याचं नाव सुचेल त्याचे आभार मानत राहिली.

उपकार झाला की दुसऱ्या सकाळी, दिवसाचं कुठलंही काम हाती घ्यायच्या आधी, घरी जाऊन आभार मानायचे असतात. म्हणून क्वान्सिमा उजाडताच न्हाऊन, ठेवणीतलं निळं कापड नेसून बसली होती. मॅडमसाठी मोठी तारली पानात बांधून तयार होती. ती घ्यायला निकाल लागल्यावर तरी हरकत नसावी, एवढाच विचार मनात होता. तेवढ्यात अंगणात कुणी खाकरलं.

त्वुमासी होता. त्याच्याबरोबर एक ठेंगणी म्हातारी होती, डोक्यावर सुरणांसारख्या मोठ्या कंदांची टोपली, पायावर लांबच्या प्रवासाची धूळ. क्वान्सिमाने घाईने दोन स्टुलं मांडली. रीतीप्रमाणे आधी पाणी दिलं. ते पिऊन झाल्यावर रीतीप्रमाणेच विचारलं, "इकडे सगळं कुशल आहे. तुमचं येणं?"

"मी अफ्राकोमा, याची आई," म्हातारी म्हणाली. "लेकाने निरोप पाठवला तेव्हाच निघणार होते. पण निकाल लागेपर्यंत तुमच्या दारी यायची बंदी आहे म्हणाला. हा माझा एकुलता एक. त्या दिवशी त्याच्यावर चोरीचा शिक्का बसला असता तर त्याला पुन्हा कुणी काम दिलं नसतं. तुम्ही आपल्या भट्ट्या पणाला लावून तो पुसलात. एकट्याने येऊन आभार मानू नयेत, म्हणून मी आले."

"अहो, शिक्का मारला तोही मीच," क्वान्सिमा म्हणाली.

"तेही सांगितलंय त्याने," म्हातारी म्हणाली, आणि दोघी हसल्या. मग म्हातारी उठली, टोपली क्वान्सिमाच्या पायाशी ठेवली आणि दोन्ही हातांनी तिचा हात धरला. "तुमच्या घरी आभार मानायला आलो आहोत, मामे."

क्वान्सिमाने अशी आभाराची वाट आयुष्यभर तुडवली होती. सासूसाठी, नवऱ्यासाठी, मुलांसाठी, आणि दर ईस्टरनंतर फिफीच्या दारापर्यंत, राहू दिल्याबद्दल. या अंगणात मात्र तिच्यासाठी कोणी पहाटे पाय धुळीने भरून आलं नव्हतं. यायचं कशाला, घर तिचं कुठे होतं?

अशा वेळी समोरच्याने म्हणायचं असतं, आभार कसले त्यात. ते वाक्य तिच्या ओठांवर आलंही. पण तिने ते म्हटलं नाही. अफ्राकोमाचा हात तसाच धरून ठेवत ती म्हणाली, "बरं झालं आलात. कुणीतरी यायला हवं होतं."

आणि मग तिला रडायला वेळ मिळाला.